ब्रह्मकमळाला फळ आलं

२९ मे

ती. ताईस,
सा. न.

फोन न करता पत्र लिहितोय, तेही घरून नाही, लॅबमधून. आईला ऐकू कमी येतं हे तिच्या सोयीपुरतंच खरं आहे. फोनवर तुझं नाव निघालं की ती दोन खोल्यांपलीकडून हुंकार देते. आणि ही गोष्ट तिच्या कानावर जायला नको.

ताई, आईच्या ब्रह्मकमळाला काहीतरी झालंय.

अकरा मेला चार फुलं उमलली. आई खुर्ची टाकून गॅलरीत बसली होती. 'तुम्ही झोपा, मी बघते' म्हणाली. सकाळी चारही फुलं नेहमीसारखी माना टाकून लोंबत होती. आठवड्याभरात तीन गळाली. चौथ्याच्या पाकळ्या वाळून गेल्या, पण फुलाच्या नळीचं बूड जागेवरच राहिलं. म्हटलं पडेल आज-उद्या. पडलं नाही. उलट फुगायला लागलं. मी कवळ्या करणारा माणूस, अंदाजावर माझा विश्वास नाही, म्हणून कॅलिपर लावून मोजतोय. पहिल्या दिवशी नऊ मिलिमीटर, मग बारा, काल सतरा.

छत्तीस तास झाले, मला दुसरं काही सुचत नाही. काल एका गृहस्थांच्या वरच्या कवळीला खालचे दात बसवले.

पंधरा नोव्हेंबरला तुमच्या उद्यानातल्या नव्या काचघराचं उद्घाटन. तू इथून नेलेल्या पानाच्या ब्रह्मकमळाखाली आईच्या नावाची पाटी. आईने त्यासाठी चष्म्याची फ्रेम बदलून घेतली आहे. आणि नेमकी आत्ता मूळ झाडाला गाठ! कीड असेल तर औषध कळव. तुझी वहिनी म्हणते, 'कापून टाका ते, ताईंना कशाला कळवायचं?' ती सहसा असं बोलत नाही.

तुझा,
धाकटा

५ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझं पत्र तीनदा उभ्याने वाचलं. चौथ्यांदा वाचायला बसावं लागलं.

गाठ नाही ती. कीडही नाही. फळ आहे ते.

आता तू म्हणशील, झाडाला फळ आलं, त्यात डोळे पांढरे करण्यासारखं काय आहे? म्हणून पहिल्यापासून सांगते. एकतीस वर्षं या उद्यानात झाडांच्या नोंदी ठेवतेय नि पाट्या लिहितेय, पण घरच्यांनी कधी काही विचारलं नाही. आज संधी मिळाली आहे.

लोक त्याला ब्रह्मकमळ म्हणतात, पण ते कमळाचं कुणी लागत नाही. निवडुंग आहे तो. काटे जवळजवळ नाहीत, वाळवंटाशी संबंध नाही. रानात मोठ्या झाडांच्या बेचक्यात बसून राहतो. बांडगूळ मात्र नव्हे बरं का. बांडगूळ ज्याच्याकडे उतरतं त्याचंच खातं. हा फक्त बसायला जागा मागतो आणि पावसापाण्यावर, पालापाचोळ्यावर स्वतःचं भागवतो. असे पाहुणे आपल्या नात्यात नाहीत, म्हणून तुला कल्पना येणार नाही. आपण ज्याला पान म्हणतो तेही पान नाही, चपटं झालेलं खोड आहे. त्याच्या काठावरच्या खाचांतून फूल निघतं. ज्याने याचं शास्त्रीय नाव ठेवलं, त्यालाही वाटलं फूल पानावरच आलंय, आणि नावही तसंच ठेवून मोकळा झाला. म्हणजे सुरुवातच गैरसमजाने.

आता मुख्य मुद्दा. हे फूल रात्री उमलतं, कारण त्याची सगळी भिस्त रात्री हिंडणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगावर. पतंग पराग आणतो. पण परागांची आपल्याकडे वशिल्याने होते तशी भरती नसते. आपल्याच झाडाचे पराग आले तर फूल ते ओळखतं आणि दारातूनच परत पाठवतं. फळ धरायचं तर पराग परक्या झाडाचे हवेत. आणि एका झाडाचं पान तोडून लावलं, तर उगवतं ते परकं झाड नसतं. तेच झाड दुसऱ्या कुंडीत बसलेलं असतं. शंभर घरांत पानं वाटलीस तरी झाड एकच.

आपल्या गावभर जी ब्रह्मकमळं आहेत ती आईनेच वाटलेली. म्हणून सेहेचाळीस वर्षांत फळ नाही. माझ्या नोंदीत हेच वाक्य आहे: 'एकाच घरात सेहेचाळीस वर्षं जपलेलं, एकाच पानापासून वाढलेलं, कधीही न फळलेलं झाड.' याच वाक्यावर आईच्या नावाची पाटी मंजूर झाली आहे. आणि ती मंजूर करणाऱ्या समितीत आमचे फर्नवाले, म्हणजे नेच्यांचा विभाग सांभाळणारे गृहस्थ, आहेत. अकरा वर्षांपूर्वी मी त्यांच्या एका नेच्याची पाटी भर सभेत उतरवली होती, कारण ते झाड मूळ कुठलं याचा त्यांच्याकडे कागद नव्हता. 'पुरावा नाही तर पाटी नाही', हे माझं वाक्य. ते गृहस्थ अकरा वर्षं नेच्यासारखे सावलीत बसून माझी वाट बघताहेत.

तेव्हा तुमच्या आसपास कुठेतरी एक परकं झाड आहे. ते शोध. आणि फळाला हात लावू देऊ नकोस कुणाला. त्या झाडाला आजवर कुणी धक्का लावलेला नाही. झाड वाळवून कागदावर चिकटवतात, तसं माझ्या आयुष्यातलं पहिलं शीट मी त्याचंच केलं होतं, एकोणिसाव्या वर्षी, मुळासकट. अजून आमच्या कपाटात आहे.

ताई

२१ जून

ती. ताईस,
सा. न.

शोध घेतला. चार मजले, सोळा घरं. नुसतं 'तुमच्याकडे ब्रह्मकमळ आहे का' म्हणून विचारत फिरलो असतो तर लोकांनी मला बसवून पाणी दिलं असतं. म्हणून 'कवळ्यांची मोफत तपासणी' म्हणून गेलो. अकरा कवळ्या तपासल्या. त्यातल्या सहा माझ्याच होत्या आणि सहाही सैल. हा वेगळा धक्का, पण तो माझा मला पुरे.

ब्रह्मकमळ एकच सापडलं. आपल्या बरोबर खाली, मास्तरीणबाईंकडे. पण ते तर आईनेच दिलेलं पान. म्हणजे तुझ्या हिशेबाने तेच झाड. समोरच्या इमारतीत गेलो, मागच्या गल्लीत गेलो. तुळस, कोरफड, प्लास्टिकची वेल, बस.

फळ तेवीस मिलिमीटर. हिरव्यावर लालसर झाक येतेय.

एक विचारायचं होतं. समज, आपलंच झाड आपलं नसलं तर? नाही, नुसतं विचारतोय. शास्त्र म्हणून.

धाकटा

२८ जून

चि. धाकट्यास,

शास्त्र म्हणून उत्तर देते. दोन झाडं. दोन्ही एकाच पानाची असती तर फळ नसतं. फळ आहे. म्हणजे दोहोंतलं एक तोतया आहे. एक झाड आपल्या आईच्या गॅलरीत, आईच्या डोळ्यांसमोर, सेहेचाळीस वर्षं. दुसरं एका बाईंकडे, ज्यांनी हयात भूमिती शिकवण्यात घालवली आणि ज्यांच्याकडे, मला स्पष्ट आठवतंय, मांजरसुद्धा टिकली नव्हती. तोतया कोण, हे सांगायला कॅलिपर नको.

बाईंनी आईने दिलेलं मारलं आणि लाजेकाजेस्तव दुसरं आणून लावलं. माणसं असं करतात. आपल्याकडून दगावलेलं झाड कबूल करायला माणसाला जेवढी लाज वाटते तेवढी लाच घेतानाही वाटत नाही. जा आणि तोंडावर विचार. त्यांनी लिहून दिलं तर उत्तम. माझी नोंद सुटेल.

ताई

१४ जुलै

ती. ताईस,
सा. न.

गेलो. विचारलं. पुन्हा तू सांगितलंस तरी जाणार नाही.

बाईंनी मला आत घेतलं, पण बस म्हणाल्या नाहीत. मी त्रेचाळीस वर्षांचा, दोन माणसं हाताखाली, आणि मी तिथे सातवीत 'ब' तुकडीत उभा होतो. म्हटलं, 'बाई, तुमचं ते झाड... म्हणजे... आईचंच आहे ना?'

त्यांनी मला हाताला धरून गॅलरीत नेलं. झाड ज्यात आहे ते रंगाचं जुनं डबडं फिरवून दाखवलं. त्यावर बाबांच्या अक्षरात, हिरव्या ऑइलपेंटने, त्यांच्या घराचा नंबर आणि तारीख. चाळीस वर्षांपूर्वीची. डब्याचं बूड फाटून मुळं बाहेर आली आहेत. खाली वाकून बघितलं तर आत माती अशी नाहीच, नुसता पाचोळा आणि विटांचे तुकडे. बाई म्हणाल्या, 'याला मी कधी काही केलं नाही. खत नाही, माती नाही, कौतुक नाही. म्हणून आहे.'

मी जायला निघालो तर मागून म्हणाल्या, 'ताईला सांग, सिद्धता बरोबर आहे. गृहीतक चुकलंय.'

ताई, त्या हसत होत्या. आणि फळाचं सांगितलं तेव्हा त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. फक्त 'केवढं झालं?' असं विचारलं.

घरी येऊन हे सगळं जेवताना सांगितलं. तुझ्या वहिनीच्या हातून भाताची वाटी पडली. आई म्हणाली, 'काचेची नव्हती ना? मग जेवा.'

धाकटा

२० जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून फाडून टाका. नाहीतर राहू द्या, तुम्ही कागद फाडत नाही हे मला माहीत आहे.

बाईंचं झाड खोटं नाही. आमचं खोटं आहे. मी आणलंय ते.

आठ वर्षांपूर्वी सासूबाई तुमच्याकडे दोन महिने राहायला आल्या होत्या ना, तेव्हा मी म्हटलं, त्या परत येईपर्यंत झाडाचं नीट करून ठेवू. कुंडी जुनी, माती कसलीशी भुसभुशीत, कोळसा नि कचरा असलेली. मी ती सगळी काढली. छान काळी माती आणली, शेणखत घातलं, ठोकून ठोकून बसवलं, सकाळ-संध्याकाळ पाणी. पंधरा दिवसांत बुडापासून पिवळं पडलं, मग मऊ झालं, मग हातात आलं. वन्सं, सासूबाईंना मी आजवर उलट बोलले नाही ते मोठेपणाने नाही. आठ वर्षं त्या झाडाची भीती आहे.

मी रिक्षा करून तीन नर्सऱ्या फिरले. तिसरीत तसंच झाड मिळालं. तिथला माणूस म्हणाला, 'सगळी सारखीच असतात.' यांनाही सांगितलं नाही. सासूबाई परत आल्या, गॅलरीत गेल्या, झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'वाळलीस गं तू.' मी त्या रात्री रडले.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही उद्यानासाठी जे पान कापून नेलंत ते त्या नर्सरीवाल्याचं. तेव्हाच बोलायला हवं होतं. तुम्ही पान ओल्या फडक्यात इतकं जपून गुंडाळत होतात की तोंडच उघडेना.

काय ती शिक्षा करा. यांना सांगू नका.

तुमची,
वहिनी

२ ऑगस्ट

वहिनी,

बारा दिवस उत्तर लिहिलं नाही कारण लिहिलेलं प्रत्येक पत्र मलाच वाचवेना.

शिक्षा कसली करू? तुम्ही झाडाला प्रेमाने मारलंत. बेचक्यात राहणारं झाड ते. त्याच्या मुळांना मोकळी हवा लागते, आणि तुम्ही त्याला जिवंतपणी समाधी दिलीत. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मी नाही. एकतीस वर्षं परक्या लोकांना पाट्यांवर लिहून सांगतेय.

मला धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसलाय. तीन वर्षांपूर्वी मी ते पान हातात घेतलं, वास घेतला, भिंगातून पाहिलं आणि अधिकाराने म्हटलं, 'हे आईचंच. लाखात ओळखेन.' हे वाक्य मी नोंदवहीतही लिहिलंय. शाईने.

तुम्ही धाकट्याला सांगा. त्याला राग येईल, येऊ दे. अशा बाबतीत तो निर्मळ आहे.

ताई

१६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

हिने सांगितलं. मला राग आला नाही. मी मटकन खाली बसलो. तिला वाटलं चक्कर आली. चक्करच ती.

ताई, तिने मारलं ते झाडसुद्धा आईचं नव्हतं.

लग्नाच्या आदल्या वर्षी मी लॅबचं काम घरी आणत होतो, आठवतंय? साचे ओतून झाले की प्लॅस्टरचे वाडगे धुवायचे. मोरीत धुतले तर मोरी तुंबते आणि आई बोलते. म्हणून मी ते पाणी गॅलरीतल्या कुंडीत ओतायचो. रोज. पांढरं पाणी, झाडाला चुना चांगला असं कुठेतरी वाचलं होतं. महिन्याभराने झाड मलूल. उपटून बघितलं तर मुळांचा अख्खा साचा हातात आला. इतका सुबक की मला कवळ्यांचं काम शिकवणाऱ्या उस्तादांना दाखवावासा वाटला.

दाखवला नाही. उलट त्यांच्याच जिन्यात त्याच जातीचं झाड होतं, त्याचं पान चोरून आणून लावलं. आईला सांगितलं, 'जरा छाटलंय, जोम धरेल.' आई म्हणाली, 'हो का? बरं.'

आता मला एवढंच कळत नाही की हिने जेव्हा माझं खोटं झाड मारून आपलं खोटं झाड लावलं, तेव्हा गुन्हा तिचा की माझा? हिचं म्हणणं, दोन्ही माझेच. आठ वर्षांची तिची भीती मी फुकट वाया घालवली. कालपासून बोलत नाहीये.

तुझा,
धाकटा

३० ऑगस्ट

चि. धाकट्यास आणि सौ. वहिनींस,

तुमचं घर आहे की बदली कामगारांचं कार्यालय?

'सेहेचाळीस वर्षं एकाच घरात जपलेलं.' हे वाक्य पितळी पाटीवर कोरून आलंय. माझ्या टेबलावर आहे. त्यावर पेपरवेट ठेवलाय, तरी चमकतंय. आत्ता या क्षणी काचघरात आईच्या नावाखाली एक नर्सरीचं झाड उभं आहे, आणि त्याची ओळख माझ्या सहीने पटलेली आहे.

तारखेनिशी खरं ठरलेलं झाड फक्त खाली बाईंकडे. ज्यांना मी तोतया म्हटलं. त्यांना काय तोंड दाखवू, ते नंतर बघू.

परवा सकाळी अकरा वाजता, कार्यालयात बसले असताना माझ्या मनात काय आलं ते लिहिते, म्हणजे मनात राहणार नाही. मला वाटलं, गुपचूप बाईंकडून एक पान आणावं, काचघरातलं झाड उपटून तिथे लावावं आणि पाटी तशीच ठेवावी. कुणाला कळणार आहे? सगळी सारखीच दिसतात. हे मला वाटलं. मला! तुमचा नर्सरीवाला माझ्या तोंडून बोलत होता. मी उठून तोंड धुऊन आले.

अजून ठरवलेलं नाही, हेही खरं आहे.

आईला यातलं अक्षर कळता कामा नये. एक्क्याऐंशीव्या वर्षी तिला हा धक्का सोसायचा नाही. आणि ते फळ माझा एकमेव पुरावा आहे. उद्घाटनाआधी मी स्वतः येऊन नेईन. तोवर त्याला कुणी शिवायचं नाही.

ताई

१८ ऑक्टोबर

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

फळ खाल्लं. मी आणि मास्तरीणबाईंनी. अर्धं अर्धं. बाहेरून चांगलं लालगुलाबी झालं होतं, हात लावला तर सुटून आलं. आत पांढरं. फार गोड नाही, पण सेहेचाळीस वर्षांनी मिळालेल्या गोष्टीला नावं ठेवू नयेत.

तू आता डोक्याला हात लावून बसली असशील. बस. लांबलचक लिहिणार आहे.

तुझी सगळी पत्रं मी वाचली. धाकटा ती जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवतो आणि पिशवी मी धुते. वाचली नसती तरी कळलं असतं. जुलैपासून घरात सगळे माझ्याशी इतकं हळू नि गोड बोलताहेत की मला वाटलं, मलाच काहीतरी झालंय आणि डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय.

धाकट्याने झाड बदललं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. सूनबाईने बदललं ते गॅलरीत पाय ठेवताच. तुझ्या बाबांनी आणलेल्या झाडाच्या फुलाला बाहेरून तांबूस कडा होती. धाकट्याच्याला नव्हती हे पुढे फुललं तेव्हा पटलं, पण छाटून कधी झाडाचं एक पान उरतं का? सूनबाईच्या झाडाची खोडं रुंद. झाड आपल्याला ओळखू येतं गं, भिंग लागत नाही. मग बोलले का नाही? एक तर दोघांचे चेहरे बघवत नव्हते. दुसरं म्हणजे, बाबांचं झाड होतं तोवर त्याला पाणी घालणारी मी एकटी. खोटं झाड आल्यापासून धाकटा रोज विचारायला लागला, 'आई, झाड बरं आहे ना?' सूनबाई तर पावसात छत्री धरायची त्याच्यावर. मी म्हटलं, चाललंय ते चालू दे.

पण पाटीचं आलं तेव्हा माझी झोप गेली. माझं नाव, त्याखाली खोटं वाक्य, आणि लिहिणारी तू. मी तुला सांगून तू ऐकलं असतंस का? 'आई, तुझं वय झालं' म्हणाली असतीस. तुझा आईवर विश्वास नाही, पुराव्यावर आहे. म्हणून मी पुरावा तयार केला.

तू जेवताना ते परागाचं सांगितलं होतंस ना, परकं झाड असेल तरच फळ धरतं? घरच्यांनी कधी काही विचारलं नाही म्हणतेस. विचारलं नाही, पण ऐकलं होतं. अकरा मेला दोन्ही घरची फुलं एकाच रात्री उमलली. बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी आपलं एक फूल तोडून वर आणून दिलं, आणि धाकट्याच्या लॅबमधला, कवळीला गुलाबी रंग देतात तो बारीक ब्रश घेऊन मी त्याचे पराग आपल्या चौथ्या फुलाला लावले. पतंगाचं काम म्हातारीने केलं. दोनदा नेम चुकला, पण फूल समजूतदार होतं. बाई टॉर्च धरून उभ्या होत्या आणि एवढ्या हसत होत्या की मला भीती, तुम्ही उठाल.

आता शेवटचं. हे तू बसूनच वाच.

तू धाकट्याला आणि सूनबाईला बरंच बोललीस. 'मी तर पहिलं शीट त्याचंच केलं, मुळासकट' असंही लिहिलंस. मुळासकट. एकदा तरी त्या शब्दावर थांबलीस का? तू एकोणीस वर्षांची होतीस. परीक्षेसाठी सबंध झाड हवं म्हणून तू बाबांनी आणलेलं झाड मधोमध चिरून, अर्धी मुळं घेऊन गेलीस. उरलेलं आठ दिवसांत कुजलं. तू परीक्षेत पहिली आलीस, मग कुणी सांगायचं? मी खाली जाऊन बाईंकडून पान परत आणलं आणि लावलं. म्हणजे पहिलं झाड तू, दुसरं धाकट्याने, तिसरं सूनबाईने. त्या कुंडीत आज आहे ते चौथं.

तू पाचवं लावू नकोस. परवा अकरा वाजता जे मनात आलं म्हणतेस, ते आपल्या घरात सगळ्यांच्याच मनात येतं.

फळाच्या बिया तिळाहून बारीक, काळ्या. आम्ही दोघींनी गिळल्या बहुतेक. सुरीला चिकटलेल्या अकरा कागदावर पुसून पाठवते आहे. एवढाच पुरावा उरला आहे.

तुझी,
आई

१६ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न.

तुझं पत्र आलं त्या दिवशी कपाट उघडलं. शीट क्रमांक एक. पस्तीस वर्षांत कित्येकदा काढलंय, नव्या लोकांना दाखवायला. 'सबंध नमुना कसा घ्यावा पाहा.' मुळं पंख्यासारखी पसरून चिकटवलेली, सुरीचा सरळ काप स्पष्ट दिसतोय. खाली माझ्या अक्षरात: 'झाड निरोगी.' मी तिथेच, फरशीवर बसले. फर्नवाले आत आले आणि 'बरं वाटत नाही का?' म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलले माझ्याशी.

संचालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'अहो बाई, पाट्या वाचतं कोण? राहू दे की.' हे ऐकून जो धक्का बसला त्यापुढे तुमचे सगळे धक्के किरकोळ. एकतीस वर्षं मी पाट्या लिहितेय.

काल उद्घाटन झालं. ब्रह्मकमळाखालच्या खांबावर पाटी नव्हती, नुसती स्क्रूची दोन भोकं. पाटी मीच सकाळी पेचकस घेऊन काढली. फर्नवाल्यांनी ती भोकं बराच वेळ पाहिली. मग मला विचारलं, 'पाटी?' मी म्हटलं, 'पुरावा नव्हता.' अकरा वर्षं बाळगलेला राग असा भर समारंभात हातातून निसटला की माणूस किती पोरका दिसतो! मग मीच त्यांना चहाला घेऊन गेले. त्यांच्या नेच्याच्या कागदांचं पुन्हा बघू म्हटलंय.

बाईंना क्षमेचं पत्र वेगळं लिहिलंय. त्यांनी ते लाल शाईत दुरुस्त करून परत पाठवलं. दहापैकी सहा.

आई, अकराही बिया रुजवल्या. नऊ उगवल्या आहेत. आपण आजवर ज्यांना जपलं ती सगळी कुणाची तरी पानं होती. ही नऊ मात्र नवी आहेत, यांच्यासारखं झाड आधी कुठे नव्हतं. अर्धी बाबांच्या झाडाची, अर्धी सूनबाईच्या नर्सरीवाल्याची, आणि जुळवलीस तू. नोंद तशीच केली आहे, तुझ्या पत्रासह. पाटी यांचीच होणार, तुझ्या नावाची. पण बियांपासून फूल यायला पाच-सहा वर्षं लागतात, आणि फुलाआधी मी पाटी लावत नाही, तुला माहीत आहे.

थांबशील ना?

थोरली

२४ नोव्हेंबर

चि. थोरलीस,
अ. आ.

थांबते. चष्म्याची फ्रेम नवीनच आहे.

एकच अट. त्या नऊ रोपांना आपल्या घरातल्या कुणी हात लावायचा नाही. पाणी फर्नवाल्यांना घालायला सांग.

तुझी,
आई